‘रिकामी’ असे लिहिण्याआधी

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी आमच्या तालुका कचेरीच्या व्हरांड्यात बंदूक उडाली आणि दगडू शिपाई मेला. तपासणीच्या वहीत त्या बंदुकीसमोर ‘रिकामी’ असे लिहिलेले होते. अक्षर माझे होते.

लढाईची वर्षे होती. मी त्या कचेरीत कारकून होतो. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्यामुळे मला वाचनाची सवय लागली आणि त्या सवयीमुळेच बहुधा इंग्रजीतले कागद माझ्या टेबलावर येत. त्यांत बंदुकांचे परवानेही असत. नगर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याचे नाव मी लिहीत नाही. ती घरे अजून तिथेच नांदताहेत, आणि जे झाले त्यात कोणा एकट्याचा दोष होता असे मला आता वाटत नाही. माझा होता, तो मी सांगणारच आहे.

ज्यांनी बंदूक जवळून पाहिलेली नाही त्यांना आधी कामाची कल्पना दिली पाहिजे. आमच्या जिल्ह्यात बंदुका होत्या त्या पिकाच्या राखणीसाठी. बेलापूरच्या बाजूला उसाबरोबर रानडुकरे वाढली होती. शेवगावकडच्या कोरड्या माळावर हरणांचे कळप बाजरीची शेते साफ करत. परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे आणि त्यासाठी मालकाने बंदूक कचेरीत आणून दाखवायची असे. शिपायाने ती हातात घेऊन नळीवर ठोकलेला नंबर वाचायचा. मी तो परवान्याशी ताडून पाहायचा आणि ‘रिकामी आहे का?’ असे विचारायचे. मालकाने ‘व्हय’ म्हणायचे, आणि मी शेवटच्या रकान्यात तसा शेरा मारायचा. माझ्या आधीच्या कारकुनाने मला असेच शिकवले होते आणि त्यालाही कोणीतरी असेच शिकवले असणार.

बहुतेक बंदुका ठासणीच्या होत्या. काडतुसाची बंदूक मधे मोडून उघडता येते. आत काडतूस आहे की नाही ते डोळ्याला दिसते. ठासणीची बंदूक उघडतच नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, वर आणखी एक बोळा, असे सगळे लोखंडी गजाने ठासून बसवतात. नळीच्या बुडाशी एक लहान खुंटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवतात. चाप ओढल्यावर सुटणारा घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. टोपी काढून ठेवली की भरलेली ठासणीची बंदूक आणि रिकामी ठासणीची बंदूक बाहेरून अगदी सारखीच दिसते.

ती रिकामी करण्याचा लोकांना माहीत असलेला मार्ग एकच, उडवून टाकणे. पण लढाईमुळे दारू मोजून मिळे. हाती आलेली दारू हवेत कोण उडवणार? म्हणून लोक कचेरीच्या फाटकाशी आले की टोपी काढून बंडीच्या खिशात टाकत आणि बंदूक रिकामी झाली असे धरून चालत. ते खोटे बोलत नसत. टोपी नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर बार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मलाही ठाऊक होते, आणि पटतही होते.

त्या मंगळवारी परवाना नवा करायला आलेल्या तात्याबा पाटलांनी टोपी फाटकातच काढली होती, आणि त्यांचे ‘व्हय’ ऐकून मी शेरा नंबर वाचण्याआधीच मारून टाकला होता. पण टोपीच्या आत ठोक्याने पेट घेणारा जो मसाला असतो त्याचा कण खुंटीला चिकटून राहिला होता. हे आम्हाला पुढे कळले. दगडूने बंदूक उभी धरली, दस्ता फरशीवर टेकवला आणि नंबरावरचा तेलकट मळ उपरण्याने पुसायला तो वाकला. नंबर नळीच्या बुडाशी, घोड्याजवळच असतो. उपरण्याचा काठ घोड्यात अडकला, घोडा उचलला गेला आणि सुटला. नळीचे तोंड त्याच्या गळ्याशी होते.

दगडूला इंग्रजी आकडे मी शिकवले होते. दोन हिवाळे, दुपारच्या सुटीत, पाटीवर. ‘भाऊसाहेब, एक आन् सातात घोटाळा हुतो माजा, तेवढं पक्कं करून द्या,’ असे तो म्हणायचा. त्याच्या आधीचे शिपाई बंदूक माझ्या टेबलावर आडवी आणून ठेवत आणि नंबर मीच वाचत असे. दगडूला आकडे आले, तो हौसेने स्वतः वाचू लागला आणि मी त्याला तसे करू दिले.

चौकशी झाली. मी सांगितले की विचारले होते, पाहिले नव्हते. माझ्यावर ठपका आला. अपघात म्हणून प्रकरण मिटले आणि काही महिन्यांनी पाटलांची बंदूक त्यांना परत देण्यात आली.

दहाव्याला मी दगडूच्या घरी गेलो. त्याची बायको सरूबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. दगडूचा भाऊ किसन भिंतीला टेकून होता. दगडूच्या जागी शिपाई म्हणून किसनला घ्यायचे कचेरीत ठरले होते.

‘भाऊसाहेब, तुमी बंदूक बघितली हुती का?’ सरूबाईने विचारले.

‘विचारलं होतं.’

‘त्ये न्हाई म्या इचारलं.’

तिने किसनकडे बोट केले.

‘आता घरात कमावता ह्यो येकच उरला. पुढल्या साली त्यालाच बंदुका धराय लावनार न्हवं तुमी?’

‘टपाल नेईन, पानी भरीन,’ किसन म्हणाला. ‘बंदुकीला हात लावनार न्हाई.’

‘नोकरीत न्हाई म्हनून चालतंय व्हय?’ ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘तुमचं त्ये लिवनं थांबत आसंल तर थांबवा, भाऊसाहेब. न्हाईतर बघून लिवा.’

ती हे रडत म्हणाली नाही. कामाचा निरोप सांगावा तसे तिने सांगितले.

लिहिणे थांबवणे माझ्या हातात नव्हते. पाहायचे कसे, ते मला येत नव्हते. सवयीप्रमाणे मी पुस्तकाकडे गेलो. नगरच्या वाचनालयात बंदुकांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, असे त्यात पहिल्याच पानावर होते. ते खरेच होते; पण पुस्तकातल्या सगळ्या बंदुका उघडणाऱ्या होत्या. आमच्या तालुक्यातल्या बंदुका कोणा इंग्रजाने पुस्तकात घ्याव्यात अशा नव्हत्या.

मग आठ दिवसांची रजा काढून मी नगरच्या बाजारात इब्राहीमभाईंच्या दुकानी गेलो. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी वही-पेन्सिल काढली तेव्हा ते हसले.

‘वही ठेवा, भाऊसाहेब. लिहून तर घोळ झाला ना तुमचा?’

त्यांनी भिंतीवरची एक ठासणीची बंदूक काढून माझ्यापुढे केली. ‘घ्या. रिकामी आहे.’

मी घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून परत भिंतीला लावली. ‘मेलात. मी म्हटलं आणि तुम्ही घेतली. उद्या या.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी मी नळीच्या तोंडात डोळा लावून आत पाहायला गेलो, तर त्यांनी माझा कान धरला. चाळिशी गाठलेल्या सरकारी कारकुनाचा कान भर बाजारात कोणी धरला नसेल. ‘तोंडात तोंड घालता? आणि दिसणार काय, अंधार?’ तिसऱ्या दिवशी मी बंदूक घेतली नाही. म्हणालो, ‘खाली ठेवा, उस्ताद. तोंड भिंतीकडे करा. मी पाहतो, मग घेतो.’ त्यांनी चहा मागवला आणि शिकवायला सुरुवात केली.

ते साधेच आहे. पहिली गोष्ट, नळीचे तोंड मातीच्या ढिगाकडे, आणि ते शेवटपर्यंत तिकडेच. बोट चापावर नको. खुंटीवर टोपी नसावी, आणि खुंटी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. मग बाजूला उभे राहून, हात किंवा तोंड नळीसमोर न आणता, गज दोन बोटांत धरून नळीत सोडायचा. रिकामी असेल तर गज थेट बुडाला जातो आणि लोखंडावर लोखंड ‘टण्’ वाजते. भरलेली असेल तर बोळ्यावर ‘थप’ असा आवाज होतो. पण कानावर सोडायचे नाही. गज नळीच्या तोंडाशी जिथवर आत गेला तिथे खूण करायची, तो बाहेर काढायचा आणि खूण तोंडाशी धरून नळीला बाहेरून लावायचा. टोक खुंटीपर्यंत पोचले तर आत काही नाही. वीतभर अलीकडे राहिले, तर ती वीत दारू आणि छर्ऱ्यांची.

‘आणि भाऊसाहेब,’ उस्ताद म्हणाले, ‘तुम्ही पाहिलं ते तुमच्यापुरतं. तुमच्या हातातून ज्यानं घेतली त्यानं पुन्हा पाहायचं. बाप-लेक असले तरी.’

भरलेली निघाली तर काय करायचे, तेही त्यांनी करून दाखवले. नळीत पाणी ओतून दारू पार भिजू द्यायची आणि मग टोकाला पेच असलेल्या गजाने बोळा ओढून काढायचा. तसा एक गज त्यांनी मला बनवून दिला.

पुढच्या तपासणीच्या आधी मी हे सगळे मामलेदारांना सांगितले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू; माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतले.

‘साळवे, दोन दिवसांत साऱ्या तालुक्याच्या बंदुका आटपायच्या. एकेकीत गज घालत बसलात तर पौष उजाडेल. मी सोपं सांगतो. नुसतं रिकामी लिहू नका. मालकाच्या सांगण्यावरून रिकामी, असं लिहा. त्यात तुम्हीही सुटलात, मीही सुटलो.’

‘आणि बंदूक धरणारा, साहेब?’

मी इतकी वर्षे त्यांच्यासमोर मान खाली घालूनच उभा राहिलो होतो. त्या दिवशीही मान खालीच होती, पण म्हणालो, ‘मग शेरा दुसऱ्या कोणाकडून घ्यावा. मी न पाहता लिहिणार नाही. तसा अर्ज आणला आहे.’

अर्ज त्यांनी वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, ‘दोनाचे तीन दिवस करा. चौथा मिळणार नाही.’

व्हरांडा सोडून आम्ही तपासणी आवारात आणली. भिंतीशी नदीच्या वाळूचा पुरुषभर ढीग घातला. मी खुर्ची सोडली आणि गज हातात घेतला. किसनशी माझा करार असा होता की, मी पाहिल्याशिवाय त्याने बंदुकीला बोटही लावायचे नाही.

पहिल्या दिवशी माझे पुष्कळ हसे झाले. कारकून बंदुकीला गज लावतो आहे, ही लोकांना गंमत होती. ‘भाऊसाहेब, कापड मोजताय का?’ असे एकाने विचारले. त्याचीच बंदूक भरलेली निघाली. मग हसणे जरा कमी झाले.

लढाईवरून परतलेले एक सुभेदार पिस्तूल घेऊन आले. असल्या पिस्तुलात काडतुसांची पेटी मुठीत बसते. त्यांनी वरचा भाग झटक्यात मागे ओढला, एक काडतूस बाहेर उडाले, ते त्यांनी हवेतच झेलले. लोकांनी वाहवा केली. मग त्यांनी पेटी काढली आणि पिस्तूल माझ्यापुढे केले. ‘झालं रिकामं. लिहा.’

‘पुन्हा एकदा ओढा, सुभेदारसाहेब. तोंड वाळूकडे.’

‘पलटणीत अकरा वर्षं काढली मी.’

‘एकदाच ओढा.’

त्यांनी ओढले. दुसरे काडतूस त्यांच्या बुटाजवळ पडले. पेटी जागेवर असताना वरचा भाग ओढला की नळीतले काडतूस बाहेर पडते खरे, पण हात सोडताच पेटीतले पुढचे आत शिरते. म्हणून आधी पेटी काढायची आणि मग नळी पाहायची. सुभेदारांना हे माझ्यापेक्षा चांगले येत होते. त्या दिवशी लोक बघत होते म्हणून क्रम चुकला. ‘हे लिहू नका,’ ते हळूच म्हणाले. मी लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्याबा पाटील आले. बरोबर त्यांचा सालगडी भिका होता, बंदूक त्याच्या खांद्यावर. रांगेतले बोलणे थांबले. किसन माझ्या शेजारी फडके घेऊन उभा होता. तो एक पाऊल मागे सरला.

‘भाऊसाहेब,’ पाटील म्हणाले, ‘ह्या खेपंला टोपीचं सांगत न्हाई. सकाळीच नदीवर जाऊन बार उडवून आलोय. घाटावर बायका धुनं धूत हुत्या, त्यास्नी इचारा.’

‘बरं केलंत. गज टाकून पाहतो.’

‘म्हंजी मी खोटं बोलतोय?’

‘तसं म्हटलं नाही.’

‘म्हनायचं काय ऱ्हायलं? चार मानसांत माज्या बंदुकीत गज घाला, आन् दाखवा की पाटलाचा भरवसा न्हाई. वरीसभर ऐकतोय म्या, पाटलानं मानूस मारला, पाटलानं मानूस मारला.’

‘कालपासून सगळ्यांच्याच बंदुकीत टाकला, पाटील. सुभेदारांनासुद्धा सोडलं नाही.’

‘सुभेदाराच्या हातनं कुनी मेलं न्हाई.’

मागून कोणीतरी म्हणाले, ‘जाऊ द्या की भाऊसाहेब. पुस्तकं वाचून बंदूक कळती व्हय?’

रावसाहेब दारात येऊन उभे होते. त्या क्षणी मला आत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पाटलांना सोडले तर उद्या प्रत्येक जण नदीवरून आलो म्हणून सांगेल, आणि त्यांच्या बंदुका धरायला किसन उभा असेल.

‘पाटील, तुम्ही बार उडवलात हे मी मानतो,’ मी म्हणालो. ‘तरी पाहिल्याशिवाय ही बंदूक किसनच्या हातात जाणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.’

पाटलांनी एकदा किसनकडे पाहिले. मग त्यांनी भिकाच्या खांद्यावरून बंदूक घेतली, तोंड वाळूकडे केले आणि आपले तोंड दुसरीकडे फिरवले. मी खुंटी पुसली आणि गज सोडला.

थप.

खूण करून गज बाहेर काढला आणि नळीला लावला. टोक खुंटीच्या वीतभर अलीकडे होते.

पाटलांनी बंदूक वाळूवर टेकवली, माझ्या हातातला गज घेतला, स्वतः नळीत सोडला, स्वतः बाहेरून लावून पाहिला. मग ते जमिनीवर बसले. ‘न्हाई,’ ते म्हणाले, ‘म्या उडवली हुती.’

‘मालक, उडवली हुतीच,’ भिका म्हणाला. ‘तुमी आंगुळीला बसला तवा म्या भरली.’

‘कुनी सांगितलं तुला?’

‘सांगायला कशाला पायजे? आपल्यात रिकामी कवा टांगली हाय का?’

आमच्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. पाटलांच्या घरात हाच नेम बंदुकीला लागू होता. रानातून आलेली बंदूक भरल्याशिवाय भिंतीला टांगायची नाही, असे त्यांच्या आजोबांपासून चाललेले. भिका वीस वर्षे ते करत आला होता. सवयीने हात चालला. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही. हे माझ्या पुस्तकात नव्हते, आणि उस्तादांनाही ठाऊक नसावे.

वर्षभर मी मनात धरून होतो की पाटलांनी त्या मंगळवारी मला फसवले. तसे नव्हते. दोन्ही वेळा ते त्यांना ठाऊक होते तेवढे खरे बोलले होते. चूक उत्तरात नव्हतीच. बंदुकीत काय आहे ते मी बंदुकीला सोडून माणसाला विचारत होतो.

बंदूक वाळूला टेकवून उभी केली. किसनने न सांगता घागर आणली. नळीत पाणी ओतून आम्ही थांबलो. पाटील तासभर उकिडवे बसून होते. पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. दारू भिजली, पेचाने बोळे निघाले, छर्रे वाळूत सांडले, मागून काळा चिखल आला. मी पुन्हा गज टाकला. टण्. टोक खुंटीला लागले.

मग गज किसनपुढे केला. त्याने गज सोडला, मोजला.

‘पुन्यांदा टाक,’ पाटील म्हणाले.

किसनने पुन्हा टाकला. मग बंदूक आडवी घेऊन फडक्याने नंबर पुसला आणि मी त्यालाही शिकवलेले आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. मी वहीत लिहिले: गजाने पाहिली. भरलेली होती. रिकामी केली. पुन्हा पाहिली.

वही मिटून वर बघतो तो रांग आखूड झाली होती. चौघे जण आपापल्या बंदुका घेऊन फाटकाबाहेर गेले होते. थोड्या वेळाने नदीकडून बार ऐकू आले. मी मोजले, चारही झाले.

रविवारी प्रार्थनेनंतर मी सरूबाईकडे गेलो.

‘बघितली का?’

‘बघितली.’

‘भरली हुती म्हनं.’

‘होती.’

ती सूप घेऊन बाजरी पाखडत होती. हात थांबला नाही. ‘मंग आदल्या सालीच बघायची हुती,’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग सोपा गेला असता.

त्यानंतर पुष्कळ वर्षे ती तपासणी माझ्याकडे राहिली आणि मी एकही शेरा न पाहता लिहिला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो दगडू गेल्यानंतरचा आहे, हेही मला विसरता येत नाही. पाटील गेले, उस्ताद गेले. किसन हवालदार होऊन निवृत्त झाला. सरूबाई या श्रावणात गेली. तिच्यासमोर हे लिहायचे धैर्य मला झाले नसते.

आता त्या तालुक्यात ठासणीच्या बंदुका थोड्या उरल्या आहेत. मालक बंदूक घेऊन आवारात येतो, तोंड वाळूकडे करतो, गज टाकतो आणि नळीला बाहेरून लावून दाखवतो. त्याला तसे सांगावे लागत नाही. हे कधीपासून आणि कोणामुळे, ते तिथे कोणाला माहीत नाही.